जनावर इथे, चारा तिथे: मांस आणि दुधाच्या जागतिक उद्योगाचा आढावा

१९६१ साली जगात वर्षाला सुमारे ७ कोटी टन मांस तयार होत असे. आज हा आकडा ३५ कोटी टनांच्या पुढे गेला आहे. या काळात माणसांची संख्या अडीचपट झाली, मांसाचे उत्पादन पाचपट. दुधाचे उत्पादन ९० कोटी टनांवर पोचले असून त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारताचा आहे. मांसासाठी दरवर्षी ८,००० कोटींहून अधिक प्राणी मारले जातात, त्यात बहुतेक कोंबड्या. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनाचा अंदाज बांधला. त्यात पाळीव जनावरे ६० टक्के आणि माणसे ३६ टक्के भरली. हत्ती, देवमासे, हरणे, वाघ अशा सगळ्या वन्य सस्तन प्राण्यांच्या वाट्याला उरले ४ टक्के.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच शाकाहार-मांसाहार, धर्म आणि जात यांच्या रुळावर जाते. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. गेल्या वीस वर्षांतले संशोधन मात्र वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. पूर्वी जनावर ज्या शेतातला कडबा खाई त्याच शेतात त्याचे शेण पडे. आता चारा एका खंडात पिकतो, जनावर दुसऱ्या खंडात वाढते, मांस किंवा दुधाची भुकटी तिसऱ्या खंडात खपते आणि शेण पडले तिथेच साचते. या उद्योगाच्या बहुतेक परिणामांचे मूळ जनावर आणि जमीन यांच्या या फारकतीत आहे. दुसरी गोष्ट आपल्याला जास्त टोचणारी आहे. दूध आणि मांस हे दोन उद्योग नाहीत, एकाच उद्योगाची दोन दारे आहेत.

जंगलाचे झाले कुरण

ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे टॉमस नेमेचेक यांनी २०१८मध्ये ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा पर्यावरणीय हिशेब मांडला. मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन यांच्यापायी जगातली ८३ टक्के शेतजमीन गुंतलेली आहे, आणि माणसांना त्यातून मिळतात १८ टक्के उष्मांक व ३७ टक्के प्रथिने, असे त्यांना आढळले. या आकड्यावर एक रास्त आक्षेप आहे. कुरणांपैकी बरीच जमीन नांगराखाली येऊच शकत नाही. मंगोलियातली गवताळ पठारे किंवा आपल्या माणदेशातला मुरमाड माळ गहू पिकवणार नाही, मेंढरूच पोसेल. तिथे जनावर माणसाला खाता न येणाऱ्या गवताचे अन्न करते, आणि ते मोठेच काम आहे.

ॲमेझॉनला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. तिथले जंगल तुटण्याचे सर्वांत मोठे कारण गुरांची कुरणे हे आहे. ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरे जास्त आहेत. मोठ्या मांस कंपन्या बेकायदा तोडीच्या जमिनीवरची गुरे घेणार नाही म्हणतात, पण गुराचा सगळा जन्म एकाच कुरणात जात नाही. तोडलेल्या जंगलात जन्मलेले वासरू मधल्या एखाद्या कायदेशीर कुरणात हलवले की कागदावर ते स्वच्छ होते. २००६मध्ये सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनमधील नव्या तोडीच्या जमिनीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही असा करार केला. त्यामुळे सोयासाठी होणारी थेट तोड बरीच कमी झाली, पण नांगर शेजारच्या सेऱ्हादो या सवाना प्रदेशाकडे वळला. जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश पीक शेवटी पशुखाद्यात जाते. चीनमधील डुकरांचे आणि युरोपातील कोंबड्यांचे पोट अशा रीतीने ब्राझीलच्या जमिनीवर भरते.

पाण्याचेही तेच. अमेरिकेतली कोलोरॅडो नदी समुद्रापर्यंत क्वचितच पोचते. तिच्या पाण्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक लास व्हेगास नाही. गुरांसाठी पिकवलेला लसूणघास आणि इतर चारा आहे. सौदी अरेबियाने स्वतःचे भूजल आटू लागल्यावर देशातली हिरव्या चाऱ्याची शेती आवरती घेतली. मग एका सौदी मालकीच्या कंपनीने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथले भूजल उपसून लसूणघास पिकवला आणि तो जहाजाने आखातातल्या गाईंना पाठवला. २०२३मध्ये अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नरांनी त्यातला एक भाडेपट्टा रद्द केला.

ढेकरांचा हिशेब

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चारा आंबतो आणि मिथेन वायू तयार होतो. तो मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनपैकी जवळपास एक तृतीयांश पशुधनाचा आहे.

एकूण हरितगृह वायूंत या क्षेत्राचा वाटा किती, यावर वीस वर्षे वाद चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६च्या अहवालात १८ टक्के म्हटले, २०१३मध्ये १४.५ टक्के आणि २०२३मध्ये सुमारे १२ टक्के. पहिल्या अहवालाने हा वाटा सगळ्या वाहतुकीपेक्षा जास्त असल्याचे सांगितले होते. त्या तुलनेत पशुधनाचा हिशेब चाऱ्यापासून ताटापर्यंतचा होता आणि वाहनांचा फक्त धुराड्याचा, ही चूक संघटनेलाही नंतर मान्य करावी लागली. उलट २०२३च्या अहवालावर पॉल बेरेन्स आणि मॅथ्यू हायेक या शास्त्रज्ञांनी जाहीर आक्षेप घेतला. आहार बदलल्याने होणारा फायदा कमी दाखवण्यासाठी आपले संशोधन चुकीच्या पद्धतीने वापरले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. टक्के पद्धतीनुसार बदलतात, पण १२ टक्के धरले तरी हा वाटा जगातल्या सगळ्या विमानांच्या धुरापेक्षा कितीतरी मोठा आहे, याबद्दल वाद नाही.

या हिशेबात भारताची बाजू अडचणीची आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात गाय-बैल आणि म्हशी-रेडे मिळून ३० कोटींहून अधिक जनावरे आहेत. त्यांतली पुष्कळशी निकृष्ट वैरणीवर जगतात आणि दूध थोडे देतात. त्यामुळे लिटरमागे निघणारा मिथेन युरोपीय गाईपेक्षा जास्त भरतो. पण हीच गाय शेण देते, हिचा खोंड नांगर ओढतो आणि हिच्या पोटात जातो तो ज्वारीचा कडबा, उसाचे वाढे आणि सरकीची पेंड. तिच्या सगळ्या कामाचा भार एकट्या दुधावर टाकून तिला दोषी ठरवणे हिशेबाच्या दृष्टीनेही बरोबर नाही. २०२१मध्ये ग्लासगोला सुरू झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही, त्यामागे छोट्या पशुपालकांचे हे कारण होते.

शेण जिथे साचते

शेणखतासाठी शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवतो. तिथे लेंडी ही संपत्ती असते. हजारो डुकरे एका छपराखाली आली की तीच विष्ठा संकट होते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ती उघड्या तलावांत साठवतात. २०१८मध्ये फ्लोरेन्स चक्रीवादळात यांतले अनेक तलाव भरून वाहिले आणि घाण नद्यांत गेली. अशा शेतांच्या शेजारी राहणाऱ्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्रमाण जास्त आहे, हे तिथल्या अभ्यासांतून दिसले आहे.

फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरे ब्रिटनी या एका प्रांतात आहेत. शेतांतून वाहून आलेल्या नायट्रेटमुळे तिथल्या किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर येतात आणि ते कुजून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. २००९मध्ये या वायूने एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११मध्ये एका खाडीत ३६ रानडुकरे मेलेली सापडली.

नेदरलँड्समध्ये तर शेणामुळे सरकारे डळमळली. पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या या चिमुकल्या देशात सुमारे एक कोटी डुकरे, तीस लाखांहून जास्त गुरे आणि दहा कोटींच्या आसपास कोंबड्या आहेत. मे २०१९मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने शेणातून आणि बांधकामांतून सुटणाऱ्या नायट्रोजनसाठीची सरकारची परवाना पद्धत बेकायदा ठरवली आणि हजारो बांधकाम प्रकल्प अडकले. गोठे बंद करण्यासाठी भरपाई देण्याची योजना आली. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले आणि मार्च २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. या शेतकऱ्यांना बँकांनी आणि सरकारनेच अनेक दशके मोठे गोठे बांधायला लावले होते. उपाय करताना तो इतिहास विसरला गेला, म्हणून उद्रेक झाला.

औषधांवर उभे कळप

कोंबडीचे १९५७चे वाण आणि २००५चे वाण एकाच खाद्यावर वाढवून कॅनडातील संशोधकांनी तुलना केली. छप्पन्न दिवसांत जुन्या वाणाची कोंबडी ९०५ ग्रॅम भरली, नव्याची ४,२०२ ग्रॅम. निवड पैदाशीची ही किमया आहे. पण एवढ्या वेगाने वाढणाऱ्या, एकाच वाणाच्या, दाटीत राहणाऱ्या पक्ष्यांना पाय आणि हृदय साथ देत नाहीत, आणि रोग शिरला की थांबत नाही. म्हणून खाद्यातूनच प्रतिजैविके देण्याची पद्धत पडली. जगात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे ७३ टक्के जनावरांसाठी जातात, असा एक बहुचर्चित अंदाज आहे.

कोलिस्टिन हे माणसांसाठीचे अगदी शेवटचे राखीव औषध. २०१५मध्ये चीनमधील डुकरांत आणि मांसात असा जनुक सापडला की ज्यामुळे जिवाणूंना कोलिस्टिनविरुद्धचा प्रतिकार एकमेकांना सहज देता येतो. चीनने २०१७मध्ये खाद्यातून कोलिस्टिन देणे बंद केले आणि काही वर्षांत हा प्रतिकार घटल्याचे दिसले. भारताने २०१९मध्ये अन्नासाठीच्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. नेदरलँड्सने दहा वर्षांत पशुवैद्यकीय प्रतिजैविकांची विक्री सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणली, आणि त्यासाठी पशुपालन बंद करावे लागले नाही. औषध किती दिले याची प्रत्येक गोठ्याची नोंद ठेवली आणि जास्त वापरणाऱ्याला जाब विचारला, एवढ्यावर बरेच साधले.

प्राण्यांकडून माणसात येणाऱ्या रोगांची यादीही याच दाटीशी जोडलेली आहे. १९९८-९९मध्ये मलेशियात निपाह विषाणू वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला. शंभरावर माणसे दगावली आणि सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली. ब्रिटनमध्ये गाईंना मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचे खाद्य घातल्याने ‘मॅड काऊ’ रोग पसरला. १९९६मध्ये त्याचा माणसातल्या जीवघेण्या मेंदुरोगाशी संबंध जाहीर झाला. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या आणि तिथला पोल्ट्री व्यवसाय काही दिवसांत कोसळला. तोच एच५एन१ विषाणू मार्च २०२४मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत सापडला, आणि पुढे हजाराहून अधिक गोठ्यांत पोचला. पाश्चरीकरणाने तो मरतो, कच्च्या दुधात जिवंत राहतो.

कत्तलखान्यातले हात, बाजारातले शेतकरी

जून २०२०मध्ये जर्मनीतल्या रेडा-वीडेनब्रुक इथल्या एका मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारांहून अधिक कामगारांना कोविड झाला. तेव्हा कुठे जर्मन जनतेला कळले की स्वस्त मांसामागे रुमानिया आणि बल्गेरियातून आलेले, ठेकेदाराच्या दाटीच्या खोल्यांत राहणारे मजूर आहेत. जानेवारी २०२१पासून जर्मनीने कत्तल आणि मांस कापण्याच्या कामात ठेकेदारी पद्धत बंद केली. अमेरिकेत २०२३मध्ये एका सफाई कंत्राटदार कंपनीने आठ राज्यांतल्या मांस कारखान्यांत १०२ मुलांना रात्रपाळीच्या धोक्याच्या कामावर लावल्याचे उघड होऊन तिला १५ लाख डॉलर दंड झाला.

मालकांची संख्या मात्र घटत गेली. अमेरिकेतले सुमारे ८५ टक्के गोमांस चार कंपन्यांच्या हाती आहे. १९७०मध्ये तिथे सहा लाखांहून अधिक शेतांवर दुभत्या गाई होत्या. आज परवानाधारक डेअऱ्या ३० हजारांच्या खाली आल्या आहेत, दूध मात्र वाढले आहे. युरोपने २०१५मध्ये दुधाचा कोटा उठवल्यावर तिथले अतिरिक्त दूध पाम तेल मिसळलेल्या भुकटीच्या रूपात पश्चिम आफ्रिकेत गेले आणि सेनेगल, बुर्किना फासोमधल्या पशुपालकांना स्वतःच्या शहरांत दूध विकणे जड झाले. भारत नोव्हेंबर २०१९मध्ये आरसेप व्यापार करारातून बाहेर पडला, तेव्हा न्यूझीलंडच्या दुधाची भीती हे एक प्रमुख कारण होते.

दूध वेगळे नाही

भारताने युरोपच्या याच अतिरिक्त दुधाचा एकेकाळी उलटा उपयोग करून घेतला. १९७०मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’साठी युरोपची दूध भुकटी आणि लोणी-तेल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत मदत म्हणून आले. ते फुकट वाटले असते तर इथल्या दुधाचा भाव पडला असता. वर्गीस कुरियन यांनी ते शहरांतल्या डेअऱ्यांना विकून त्या पैशावर सहकारी संस्थांचे जाळे उभे केले. गोकुळ आणि वारणा ही त्याच सहकाराची महाराष्ट्रातली ओळखीची नावे. उसाचे पैसे वर्षाने येतात, दुधाचे बिल दहा दिवसांनी हातात पडते. दोन-चार जनावरांच्या मालकाला, विशेषतः घरच्या बाईला, त्या बिलाची किंमत किती, हे पश्चिम महाराष्ट्राला सांगायला नको.

पण गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि निम्मी वासरे नर जन्मतात. बऱ्याच ठिकाणी बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, आणि भाकड जनावराची रोजची वैरण दुभत्या जनावराच्या कमाईतून जाते. न्यूझीलंडमध्ये नको असलेली वासरे काही दिवसांचीच कत्तलखान्यात जातात, युरोपात ती कोवळ्या मांसासाठी वाढवतात. महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीने गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. जनावर संपले नाही, त्याचा बाजार संपला. २०२५मध्ये राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली तेव्हा आठवडी बाजारात जनावर विकायला आलेले शेतकरीच अडचणीत आले. म्हशीला ही बंदी नाही, म्हणून दूध धंद्यातले भाकड आणि नर म्हैसवर्गीय प्राणी निर्यातीच्या मांसात जातात. भारत हा म्हशीच्या मांसाच्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे आणि या व्यापारातून वर्षाला तीन अब्ज डॉलरहून अधिक मिळतात. चहात दूध घालणारा शाकाहारी माणूसही या साखळीबाहेर नाही.

ताटाची दोन टोके

अमेरिकेत माणशी वर्षाला १२० किलोच्या आसपास मांस लागते, भारतात पाच-सहा किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये सॉसेज, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्या टोकाला भारतात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत एकाहून अधिक मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. या मुलांना अंडे आणि दूध कमी करा म्हणणे क्रूर ठरेल. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि २०२५च्या सुरुवातीला त्याचा स्वतंत्र निधी थांबवला. जगाने मांस कमी खावे हे खरे. कोणी कमी खावे, हे त्यातच सांगितले पाहिजे.

उपाय किती खरे

तंत्रज्ञानाची यादी लांब आहे. मिथेन कमी करणारी खाद्यपूरके आहेत, गोबर गॅस आहे, कालवडच जन्मावी म्हणून निवडलेल्या रेतमात्रा आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाला सिंगापूरने डिसेंबर २०२०मध्ये पहिली परवानगी दिली, तर इटलीने २०२३मध्ये त्यावर बंदी आणली. खाद्यपूरक रोज खाद्यात मिसळावे लागते, म्हणून ते बंदिस्त गोठ्यात चालते, माळावर चरणाऱ्या गुरांना फारसे उपयोगी नाही. भारतासारख्या देशात चांगली वैरण, मुरघास, लसीकरण आणि वेळेवर गाभण राहणे यांनीच कमी जनावरांत तेवढे दूध मिळू शकते.

धोरणांत डेन्मार्कने सर्वांत पुढचे पाऊल टाकले. तिथे पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३०पासून कर लागणार आहे, आणि तो ठरवताना सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संस्था एका टेबलाशी बसल्या होत्या. न्यूझीलंडने असाच कर आखला होता, पण सरकार बदलल्यावर २०२४मध्ये तो बासनात गेला. नेदरलँड्स, डेन्मार्क आणि न्यूझीलंड यांच्या अनुभवातून एक गोष्ट दिसते. शेतकऱ्याला सोबत घेऊन, वेळ आणि पैसा देऊन केलेला बदल टिकतो. न्यायालयाच्या किंवा मंत्रालयाच्या एका फटक्यात लादलेला बदल मतपेटीतून परत येतो.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? आपण अजून अशा टप्प्यावर आहोत की जनावर आणि जमीन यांची फारकत पूर्ण झालेली नाही. पण करार पद्धतीच्या पोल्ट्रीत आणि विकतच्या खाद्यावर चालणाऱ्या मोठ्या गोठ्यांत ती वेगाने होते आहे. पाच हजारांहून अधिक पक्ष्यांच्या पोल्ट्रीला प्रदूषण मंडळाची संमती लागते, असा नियम झाला; त्याची अंमलबजावणी गावात दिसली पाहिजे. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळता कामा नये आणि दूध संघांनी लिटरमागे फॅटबरोबर औषधांच्या अंशाचीही तपासणी करावी. भाकड जनावराचे काय करायचे याचे उत्तर कायदा करणाऱ्यांनी द्यावे. ते ओझे दोन गाईंच्या मालकावर टाकून गोरक्षणाचे श्रेय घेणे अन्यायाचे आहे. आणि मोठ्या गोठ्याला अनुदान देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: इथले शेण जिरवायला जमीन किती आहे? उत्तर नसेल तर परवानगीही नसावी.